बापाचे दोन वारसे

१९२४ सालची संध्याकाळ आहे. दक्षिण वेल्समधल्या ट्रेडीगर गावाच्या चौकात तुम्ही उभे आहात. मधोमध बिडाचा उंच घड्याळ-मनोरा आहे, १८५८ पासून गावाला वेळ सांगणारा. नुकतीच पाळी सुटली आहे. खाणीतून वर आलेली माणसे न्हाण्यासाठी घरोघर निघाली आहेत. कोळशाने माखलेल्या चेहऱ्यांत डोळ्यांच्या कडा तेवढ्या पांढऱ्या दिसतात. म्हातारी माणसे आपापसात वेल्श बोलतात, पोरे बहुतेक इंग्रजीत. मधूनच कुणीतरी थांबतो, भिंतीला हात टेकून खोकतो आणि पुन्हा चालू लागतो.

चौकातले दहा नंबरचे घर पाहा. हे वैद्यकीय मदत संस्थेचे कार्यालय. खाणकामगार आणि लोहकामगार पगारातल्या दर पौंडामागे तीन पेन्स इथे भरतात. पौंडाचे पेन्स होतात २४०, म्हणजे मजुरीचा ऐंशीवा हिस्सा. त्या पैशातून संस्था स्वतःचे डॉक्टर नेमते, औषधे देते, चष्मे आणि कवळ्या पुरवते. दुखणे आले की बायकापोरांनाही तपासते. आज खिशात पैसे आहेत का, असे इथे कुणी विचारत नाही. गावातल्या दर वीस माणसांपैकी एकोणीस या छत्राखाली येतील, इतका हिचा पसारा वाढणार आहे. ए. जे. क्रोनिन नावाचा तरुण स्कॉटिश डॉक्टर याच सुमारास इथली नोकरी संपवतो. पुढे १९३७ मध्ये तो 'द सिटाडेल' ही कादंबरी लिहील आणि खाणगावातले वैद्यकीय जग घरोघरी वाचले जाईल.

गावच्या रुग्णालयाच्या कामात सत्ताविशीकडे झुकलेला एक तरुण लक्ष घालतो आहे. तेराव्या वर्षी तो खाणीत उतरला. लहानपणी बोलताना अडखळायचा. कामगारांच्या वाचनालयातली पुस्तके त्याने अधाशासारखी वाचली आहेत. नाव अनायरिन बेव्हन. गाव त्याला नाय म्हणते.

आता त्याच्या घरी चला. वडील, डेव्हिड बेव्हन, खुर्चीत बसून आहेत. आयुष्य खाणीत गेलेला माणूस, वेल्श बोलणारा, गाण्याचा आणि कवितेचा शौकीन. एकेक श्वास ते ओढून घेतात. कोळशाच्या धुळीने फुप्फुसे भरून गेली आहेत आणि या आजाराला अजून कायद्याने भरपाई नाही. पुढच्या वर्षी, १९२५ मध्ये, ते मुलाच्या हातांवर प्राण सोडतील.

या माणसाकडून मुलाकडे दोन गोष्टी यायच्या होत्या. एक, उपचाराविना झिजलेल्या शरीराचा राग. दुसरी, वेल्श भाषा. राग आला. भाषा आली नाही. त्या पिढीतल्या हजारो घरांप्रमाणे या घरातली मुलेही इंग्रजीतच वाढली. वेल्सच्या सार्वजनिक आरोग्याचा पुढचा सगळा इतिहास हे दोन वारसे एकमेकांपासून कसे दुरावले आणि किती उशिरा एका सभागृहात भेटले, याचा आहे. ते पाहायला तुम्हाला दोन सभागृहांत बसावे लागेल.

१७ ऑक्टोबर १९४४. लंडन. महिन्याभरापासून शहरावर जर्मनीची व्ही-टू रॉकेटे कोसळत आहेत. त्यांचा भोंगा आधी वाजत नाही, स्फोटच ऐकू येतो. तुम्ही पार्लमेंटच्या प्रेक्षक सज्जात दाटीवाटीने बसला आहात. खालची बाके लाल आहेत, कारण ही जागा मुळात लॉर्ड्स या वरिष्ठ सभागृहाची. कॉमन्सचे स्वतःचे दालन मे १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात जळून गेले, तेव्हापासून लोकप्रतिनिधी इथे पाहुण्यासारखे बसतात.

आज पहिल्यांदाच पार्लमेंटचा एक आख्खा दिवस वेल्ससाठी राखून ठेवला आहे. चर्चेला तोंड फोडायला मेगन लॉइड जॉर्ज उठतात. वेल्समधून निवडून आलेल्या त्या पहिल्या महिला खासदार. त्यांचे वडील डेव्हिड लॉइड जॉर्ज यांनी १९११ चा राष्ट्रीय विमा कायदा आणला आणि त्याच कायद्याने वेल्ससाठी वेगळे विमा आयुक्त नेमले गेले. हे ध्यानात ठेवा. लंडनच्या कारभारात 'वेल्स' नावाची वेगळी पाटी ज्या पहिल्या दारांवर लागली, त्यांत शिक्षणाच्या जोडीला आरोग्याचे दार होते.

आणि आरोग्याचे गाऱ्हाणे वेल्सकडे ढीगभर आहे. क्षयरोगाने तिथली गावे पोखरली आहेत. क्लेमेंट डेव्हिस यांच्या समितीने १९३९ मध्येच अहवाल देऊन ओल धरलेल्या घरांवर आणि स्थानिक संस्थांच्या ढिलाईवर बोट ठेवले होते. तिसाच्या दशकातल्या बेकारीत लाखो माणसे पोटापाण्यासाठी इंग्लंडला गेली. युद्ध संपल्यावर पुन्हा तेच होणार का, हा प्रश्न बाकाबाकांवरून येतो. वेल्सचा वेगळा विचार करा, असे एकामागून एक सभासद सांगतात.

मग एबू व्हेलचे खासदार उठतात. केस कपाळावर आलेले, आवाज काहीसा बारीक, पण सभागृह सावरून बसते. नाय बेव्हन. ते सरळ विरोधात बोलतात. वेल्श मेंढी, वेस्टमोरलँडची मेंढी आणि स्कॉटिश मेंढी यांत काय फरक, ते आपल्याला कळत नाही, असे ते म्हणतात. कोळशाचा प्रश्न सगळ्या ब्रिटनचा, तर उत्तरही सगळ्या ब्रिटनचे हवे. वेल्सला स्वतःचे व्यक्तिमत्त्व आहे, संस्कृती आहे, हे त्यांना मान्य आहे. अधिकार खाली देण्याच्या बाजूनेही काही म्हणता येईल, असेही ते कबूल करतात. पण त्यासाठी पार्लमेंटचा असा खास दिवस त्यांना नको आहे.

सज्जात बसून तुम्हाला त्यांचा राग येईल. येऊ द्या, पण त्यांची भीतीही समजून घ्या. डरहॅमचा खाणकामगार आणि ट्रेडीगरचा खाणकामगार एकाच धुळीने मरतो. त्यांच्यात भाषेची भिंत उभी राहिली तर मालकाचे फावेल, असे या माणसाला मनापासून वाटते. बापाचा एक वारसा त्यांनी इतका घट्ट धरला आहे की दुसऱ्यासाठी हात मोकळा नाही.

दीड वर्ष पुढे या. ३० एप्रिल १९४६. तीच लाल बाके, पण सरकार बदलले आहे. बेव्हन आता आरोग्यमंत्री आहेत आणि राष्ट्रीय आरोग्य सेवा विधेयकाचे दुसरे वाचन त्यांनी सुरू केले आहे. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला पैशाअभावी उपचार नाकारले जाऊ नयेत, हा पहिला मुद्दा. रुग्णालये धर्मादाय देणग्यांवर चालणे सुसंस्कृत समाजाला शोभत नाही, हा दुसरा. जिथे श्रीमंत राहतात तिथे रुग्णालये चांगली आणि जिथे आजार जास्त तिथे ती नावालाच, हा तिसरा. म्हणून इंग्लंड आणि वेल्समधली २,६०० हून अधिक रुग्णालये राष्ट्राच्या मालकीची होणार. डॉक्टरांनी आपला दवाखाना रोग्यांसकट विकण्याची चाल बंद होणार.

विरोधक हलके नाहीत. देणगीवर उभ्या राहिलेल्या रुग्णालयांशी गावांचे नाते आहे, ते तोडू नका, असे ते बजावतात. डॉक्टर सरकारी नोकर होतील, असा इशारा देतात. तीन दिवसांच्या चर्चेनंतर २ मे रोजी मतदान होते: बाजूने ३५९, विरोधात १७२.

ऐकताना तुम्हाला ट्रेडीगर ओळखू येईल. पगारातून सगळ्यांनी थोडे थोडे द्यायचे आणि गरज पडेल त्याने घ्यायचे. साऱ्या देशाचे ट्रेडीगर करायचे आहे, असे बेव्हन स्वतः सांगत. फरक एवढाच की आता निधी कराच्या पैशातून येणार. एका खाणगावाची रीत साऱ्या ब्रिटनचा कायदा होते आहे. वेल्सने जगाला दिलेली ही मोठी सांस्कृतिक देणगी आहे, असे मी मानतो. गाणे आणि कविता यांइतकीच एकमेकांच्या आजाराची वर्गणी भरणे ही त्या दऱ्यांची संस्कृती होती.

याच वर्षी भारतात एक जाडजूड अहवाल प्रसिद्ध होतो आहे. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कुणी उपचारावाचून राहू नये, हेच त्याचेही सूत्र आहे. तो तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिकमध्ये जन्मलेले आणि पुण्यात शिकलेले. तो विचार त्या काळाच्या हवेतच होता. इकडच्या लोकांना तो वेल्सकडून शिकावा लागला नाही.

बेव्हन यांच्या कायद्याच्या पोटात आणखी एक गोष्ट आहे. रुग्णालयांच्या कारभारासाठी इंग्लंड आणि वेल्सचे मिळून चौदा विभाग पाडले गेले आणि त्यांतला एक विभाग म्हणजे अखंड वेल्स. वेगळ्या दिवसालाही राजी नसलेल्या मंत्र्याच्या सेवेत वेल्सला स्वतःचे एक मंडळ मिळाले.

आता ४ जुलै १९४८ ची रात्र. कारमार्थनशायरमधल्या अमन खोऱ्यातले एक छोटे रुग्णालय. डॉक्टरांच्या संघटनेने फेब्रुवारीत मतदान घेतले तेव्हा चाळीस हजारांहून अधिक डॉक्टर या सेवेच्या विरोधात गेले होते आणि बाजूने पाच हजारही नव्हते. बेव्हन यांनी वाटाघाटी केल्या, सवलती दिल्या आणि तारीख हलू दिली नाही. ती तारीख काही मिनिटांवर आली आहे. खाटेवर एक बाई कळा देते आहे. भोवतालच्या डॉक्टर-नर्सांचे डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे लागले आहेत. जरा थांब, एवढ्यात जोर करू नकोस, असे ते तिला विनवतात. बारा वाजतात. मिनिटभराने मुलगी जन्मते, राष्ट्रीय आरोग्य सेवेतले पहिले बाळ. आधी याच बाळंतपणासाठी पैसे मोजावे लागले असते. मुलीचे नाव मंत्र्यांच्या नावावरून ठेवतात: अनायरा.

इथून झपाझप पुढे चला. एप्रिल १९५१ मध्ये सरकार कवळ्या आणि चष्म्यांवर शुल्क लावायला निघते आणि बेव्हन मंत्रिपद सोडतात. १९६४ मध्ये वेल्ससाठी स्वतंत्र मंत्री येतो, १९६९ मध्ये आरोग्य सेवेचा कारभार त्या खात्याकडे जातो. खाणींच्या दऱ्यांत जुने डॉक्टर निवृत्त होतात. जिथे ब्रिटनमध्ये शिकलेले डॉक्टर जायला नाखूश असतात, तिथल्या दवाखान्यांत भारतात वैद्यकी शिकलेले कितीतरी तरुण येऊन बसतात आणि जन्मभर राहतात. धुळीने भरलेल्या छात्यांवर आता त्यांचे स्टेथोस्कोप टेकतात.

दुसरा वारसाही जागा झालेला असतो. १९६५ मध्ये लिव्हरपूलच्या पाण्यासाठी कापेल केलिन हे वेल्श बोलणारे गाव धरणाखाली बुडते. त्याच्या कायद्याला बहुतेक सगळ्या वेल्श खासदारांचा विरोध होता आणि तरी तो मंजूर झाला होता. तो घाव विसरला जात नाही. भाषेसाठी तरुण तुरुंगात जातात. तरीही १९७९ मध्ये वेगळ्या विधानसभेचा प्रस्ताव वेल्श मतदारच चारास एक अशा फरकाने झिडकारतात. १८ सप्टेंबर १९९७ ला पुन्हा कौल घेतला जातो. शेवटच्या परगण्याचा निकाल येईपर्यंत पारडे कुणाकडे झुकेल ते सांगता येत नाही. अखेर ६,७२१ मतांनी होकार येतो.

२ जुलै २०१३. कार्डिफच्या जुन्या गोदीकाठी वेल्सच्या विधानसभेची, काचेची आणि पाटीच्या दगडाची इमारत उभी आहे. आत लाकडी छताचे एक प्रचंड नरसाळे खाली उतरले आहे आणि त्याच्या तळाशी सभागृह. तुम्ही वरच्या सज्जात काचेआड बसला आहात. खाली बाके समोरासमोर नाहीत. सदस्य वर्तुळात बसले आहेत, प्रत्येकापुढे संगणक. तुमच्या हातात हेडफोन आहे. कुणी वेल्शमध्ये बोलू लागले की तो कानाला लावायचा, इंग्रजीचा दुभाषी ऐकू येतो. बोलणाऱ्याला परवानगी मागावी लागत नाही, आधी सूचनाही द्यावी लागत नाही. खाली एक सदस्य एका भाषेत प्रश्न करतो, मंत्री दुसऱ्या भाषेत उत्तर देतो आणि कुणी वळूनही पाहत नाही.

आज मानवी अवयव प्रत्यारोपणाचे विधेयक आहे. प्रौढ माणसाने हयातीत नकार नोंदवला नसेल तर मृत्यूनंतर अवयवदानाला त्याची संमती आहे असे मानायचे, हा त्याचा गाभा. ब्रिटनमध्ये असा कायदा कुठेच नाही. आरोग्यमंत्री मार्क ड्रेकफर्ड आहेत. अवयवांची वाट पाहत माणसे मरतात, ही बाजू सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. वेल्सच्या आर्चबिशपांनी म्हटले आहे की दान हे आपणहून दिलेले असावे. गप्प राहण्याला होकार मानले तर त्यातले दानपण जाते. खाली चर्चा कुटुंबावर अडते. शोकात बुडालेल्या आईला, बायकोला नर्सने काय विचारायचे? तिचा विरोध असेल तर? शरीर कुणाचे: माणसाचे, घरच्यांचे की समाजाचे?

इतक्या नाजूक प्रश्नावर हे सदस्य कुणाच्या परवानगीची वाट पाहत नाहीत, हे तुमच्या ध्यानात येईल. १९४४ च्या त्या दिवशी वेल्सला विनंती करावी लागली होती. २०११ च्या जनमतानंतर या सभागृहाला स्वतःचे कायदे करता येतात. विधेयकाचा मसुदा दोन भाषांत आहे आणि दोन्ही पाठांना कायद्याने सारखाच मान आहे. मतदान होते: बाजूने ४३, विरोधात ८, तटस्थ २. कायदा १ डिसेंबर २०१५ ला लागू होईल आणि २०२० मध्ये इंग्लंड त्याच वाटेने जाईल. औषधचिठ्ठीवरचे शुल्क तर वेल्सने १ एप्रिल २००७ लाच रद्द केले आहे. बेव्हन ज्या तत्त्वापायी पायउतार झाले, त्याची बूज त्यांच्याच देशाने राखली.

मार्च २०१८. तेच सभागृह. आता बापाचे दोन्ही वारसे एकाच विषयपत्रिकेवर आले आहेत: आरोग्य सेवेसाठी वेल्श भाषेचे दंडक. मंत्री एलिनेद मॉर्गन नियम मांडतात. रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाला पहिल्याच दिवशी विचारायचे की इथे असेपर्यंत तुम्हाला वेल्शमध्ये बोलायचे आहे का. प्रत्यक्ष तपासणी वेल्शमध्ये कितपत करता येईल, याची पाच वर्षांची योजना आरोग्य मंडळांनी आखून जाहीर करायची.

टीका जोरदार होते आणि ती रास्त आहे. योजना आखणे म्हणजे हक्क देणे नव्हे. डॉक्टरसमोर बसून आपल्या भाषेत बोलण्याचा हक्क यात कुठे आहे? माणूस आधी जातो तो गल्लीतल्या डॉक्टरकडे, दंतवैद्याकडे, औषधाच्या दुकानात. ते दवाखाने या नियमांच्या बाहेर राहिले. त्यावर सरकारी बाजूचे म्हणणे असे की वेल्श येणारे डॉक्टर आणि नर्स पुरेसे नसताना कागदावर हक्क लिहिला तर तो पाळला जाणार नाही. नियम मंजूर होतात.

हा वाद कशासाठी, ते सभागृहात बसून पुरते कळत नाही. म्हणून एका वॉर्डात चला. वायव्य वेल्समधले ग्विनेध. इथे आजही बहुसंख्य लोक वेल्श बोलतात. खाटेवर ऐंशी ओलांडलेली एक आजी आहे, स्मृतिभ्रंश झालेली. इंग्रजी ती शाळेत शिकली. हा आजार पुष्कळदा नंतर शिकलेली भाषा आधी पुसतो. रात्रपाळीची नर्स इंग्रजीत विचारते, कुठे दुखते? आजी छताकडे बघत राहते. कागदावर नोंद होते: प्रतिसाद नाही. सकाळी दुसरी नर्स येते. तिच्या गणवेशावर नारिंगी बिल्ला आहे, म्हणजे हिला वेल्श येते. ती वाकून तोच प्रश्न आजीच्या भाषेत विचारते. आजी हात उचलून पोटाच्या उजव्या बाजूला ठेवते.

तपासणी इथून सुरू होते. जो डॉक्टर रोग्याचे ऐकू शकत नाही, त्याच्या हातातली यंत्रे कितीही महाग असोत, त्याला अर्धेच दिसते. म्हणून आरोग्य सेवेत भाषेचा आग्रह म्हणजे अस्मितेचे लाड, हे म्हणणे मला पटत नाही. दुखणे सांगता येणे हा उपचाराचाच भाग आहे आणि जो उपचाराचा भाग आहे त्याला बेव्हन यांचाच नियम लागू होतो: तो सर्वांना मिळाला पाहिजे, मागावा न लागता मिळाला पाहिजे. वेल्सच्या सरकारने २०१२ पासून हेच धोरण ठेवले आहे की विचारणा सेवा देणाऱ्याने करायची, आजारी माणसाने नव्हे.

सगळे काही छान चालले आहे, असे समजू नका. वेल्सची आरोग्य मंडळे अनायरिन बेव्हन, क्रिमियाच्या युद्धातली नर्स बेट्सी कडवलाडर आणि दहाव्या शतकातला कायदेकर्ता राजा हावेल दा यांची नावे अभिमानाने मिरवतात. पण त्यांतल्या उत्तरेकडच्या मंडळाला २०१५ मध्ये विशेष देखरेखीखाली ठेवावे लागले. शस्त्रक्रियांसाठीच्या रांगा लांब आहेत. २०२१ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे १७.८ टक्के भरले, दहा वर्षांपूर्वी ते १९ टक्के होते. २०५० पर्यंत दहा लाख भाषिक करण्याचे उद्दिष्ट सरकारने ठेवले आहे. ते गाठायचे तर भाषा शाळेत आणि गाण्यात असून भागणार नाही. ती प्रसूतिगृहात, अपघात विभागात आणि औषधाच्या खिडकीवर लागेल.

ट्रेडीगरच्या कामगारांनी पार्लमेंटची वाट पाहिली नव्हती. आधी वर्गणी काढली, डॉक्टर नेमला, कायदा पाठीमागून आला. भाषेच्या बाबतीत क्रम उलटा झाला आहे: कायदा आधी आला आणि माणसे अजून घडवायची आहेत. त्यासाठी वैद्यकीय महाविद्यालयांत वेल्श बोलणारी मुले हवीत, बाहेरून आलेल्या नर्सांना भाषा शिकायला पगारी वेळ हवा आणि गल्लीतल्या दवाखान्यांवर पक्की जबाबदारी हवी. याला पैसा लागेल. १९४६ मध्येही लागला होता, तेव्हा देश युद्धाने कफल्लक झाला होता आणि तरी ३५९ जणांनी बाजूने मत दिले. वेल्सच्या सभागृहाने आता तेवढीच हिंमत दाखवावी आणि आपल्या भाषेत तपासून घेण्याचा हक्क कायद्यात स्पष्ट लिहावा.